दगड उचलू नकोस म्हणणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

परवा ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या खेळात मी वसवलेल्या किल्ल्याने दहावं वर्ष ओलांडलं. याआधीचा एकही किल्ला मला तिसऱ्या वर्षापलीकडे नेता आला नव्हता, हे तुला ठाऊकच आहे. फोनवर आभार मानले तर तू "बरं बरं" म्हणून विषय बदलशील. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. हा खेळ नव्याने खेळायला घेणारे कितीतरी जण मी अडले तिथेच अडतात, त्यांच्याही कामी येईल.

तुला फोन केला त्या रात्री किल्ल्यात साठ-सत्तर ड्वार्फ, म्हणजे खेळातली बुटकी माणसं, होते. पिपांत दारूचा थेंब नव्हता, शेतात पीक वाळत होतं, आणि जो तो दगड घेऊन जिने चढत होता. दगडांचा साठा मी आखला होता वर, प्रवेशद्वाराजवळ. खोदकाम चाललं होतं पंधरा मजले खाली. त्यातच गॉब्लिन, म्हणजे हल्ला करणारे शत्रू, आले. दारापाशी पोचलेला एक हमाल त्यांना बघून घाबरला आणि हातातला दगड तिथेच टाकून पळाला. उंबऱ्यावर वस्तू पडलेली असली की या खेळात दार मिटत नाही. ते उघडंच राहिलं आणि अकरा जण गेले. मला खरंच रडू आलं होतं.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी हा खेळ २००६ मध्ये लोकांसमोर आणला. डिसेंबर २०२२ मध्ये तो चित्रांसकट स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आला तेव्हा मी सुरुवात केली. तू मात्र नुसत्या अक्षरांतून किल्ला दिसायचा तेव्हापासून खेळतेस. मला वाटलं होतं, आता तू माझ्या चुकांची यादी वाचशील. तू स्क्रीन शेअर करायला सांगितलंस आणि म्हणालीस, "एकच ड्वार्फ निवड, कॅमेरा तिच्यामागे लाव आणि नुसतं बघ."

आपण दारू गाळणारीला निवडलं. ती गॅब्रो या जड दगडाचा धोंडा घेऊन निघाली होती. एक चौकट (नकाशातला एक चौकोन), थांबा, पुढची चौकट. वजनाने तिचा जीव निघत होता. अर्ध्या जिन्यात तिला तहान लागली. धोंडा तिथेच ठेवून ती पाण्याकडे वळली, आणि दुसरं कुणीतरी तोच धोंडा उचलून निघालं. दारू गाळायची जिने, तिलाच पाण्यावर भागवावं लागत होतं. तेव्हा तू विचारलंस, "पण हा दगड हलवायला हवा, असं तुला सांगितलं कोणी?"

कोणीच नव्हतं सांगितलं. मला पसारा दिसत होता आणि पसारा आवरायचा असतो, एवढंच मी धरून चालले होते. खोदलेल्या जमिनीवरचा दगड वाट अडवत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर तो लपवताही येतो. मग तू हिशेब मांडलास. ११ बाय ११ चं दालन म्हणजे १२१ चौकटी. साध्या थरात चार चौकटींमागे साधारण एक दगड निघतो, म्हणजे तीसेक दगड. साठ्याच्या एका चौकटीत मावतो एकच. ते तीस ठेवायला आणखी तीस चौकटी खोदायच्या, त्यातून पुन्हा सात-आठ दगड. "हे संपणार कधी?" असं म्हणून तू गप्प बसलीस. मला वाटतं, माझा किल्ला वाचला तो त्या क्षणी.

पाथरवटाची कार्यशाळा तू खाणीच्या तोंडाशी हलवायला लावलीस. एका धोंड्याचे ४ घडीव चिरे होतात, ते पेटीत रचून ठेवता येतात, उचलायला हलके असतात. भिंतीच्या एका चौकटीला धोंडा लावला तरी एकच लागतो, चिरा लावला तरी एकच. म्हणजे तोच दगड चौपट भिंत देतो. इथेच तू आपल्या ट्रेकची आठवण काढलीस. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळात पाण्याची टाकी खोदायची आणि निघालेला दगड तिथल्या तिथे घडवून तटाला लावायचा. बेसॉल्टचं ते ओझं घाटाखालून वर कोण आणत बसणार? टाक्यांच्या काठावर आपण कितीदा डबा खाल्ला असेल, पण ही अक्कलहुशारी मला या खेळामुळे दिसली.

जो दगड खरोखरच हवा, त्याच्यासाठी तू छोटा साठा आखून दिलास आणि त्याला ३ एकचाकी हातगाड्या जोडल्यास. गाडीवर ओझं जाणवत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका वेळी तिघेच त्या कामाला लागतात, बाकीचे आपापल्या धंद्याला मोकळे. शेजारी ट्रॅक स्टॉपवर, म्हणजे गाडी आपोआप ओतणाऱ्या थांब्यावर, माइनकार्ट (खाणीतली गाडी) ठेवून ती एकाच चौकटीत रिकामी कशी करायची, हेही दाखवलंस. असे ओतले की एका चौकटीत शेकडो दगड मावतात, यावर माझा आधी विश्वासच बसेना. संगमरवराची टेबलं करायला मी परवानगी देऊन बसले होते, तीही तू काढून घ्यायला लावलीस. पोलाद करायला तो कामी येतो, म्हणालीस, आणि दोन वर्षांनी पोलादी चिलखतं घातलेली माझी तुकडी दारात उभी राहिली.

या सगळ्यात तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी तुला सकाळची ड्यूटी होती. तुझी सेव्ह फाइल पाठवून दिली असतीस तर दहा मिनिटांत सुटली असतीस. एकदाही "दे, मी करते" म्हणाली नाहीस.

काल नवं भोजनगृह खोदून झालं. धोंडे पडलेत तसेच आहेत, आणि त्यांच्यामधून वाट काढत एक जण भिंती गुळगुळीत करतोय. ती दारू गाळणारी त्या रात्रीतून वाचली होती. आता पिपांपाशीच असते. शनिवारी स्क्रीन लावते, तिला बघायला ये.

तुझी,
हॉस्टेलमधली धाकटी