सेप्सिसची शंका घेणाऱ्या परिचारिकेला अधिकारही द्या

महोदय,

जंतुसंसर्गाला तोंड देताना शरीराचा प्रतिसादच बिघडून मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू असे अवयव निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, असा अंदाज आहे. तरीही या विषयाची चर्चा अतिदक्षता विभागाभोवतीच फिरते. साध्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा उल्लेख त्यात क्वचितच येतो.

डॉक्टर राउंड घेऊन जातात, रुग्णापाशी चोवीस तास असते ती परिचारिकाच. संध्याकाळी नीट बोलणारे आजोबा रात्री असंबद्ध बोलू लागले, लघवीच्या पिशवीत तासन् तास भर पडली नाही, हातपाय गार लागले, की पहिली शंका तिलाच येते. वृद्धांना अशा वेळी ताप असतोच असे नाही, उलट कधी कधी अंग थंड पडते. श्वसनाचा वेग वाढणे ही तर फार लवकर दिसणारी खूण, आणि नेमका तोच मोजण्यात हयगय होते. मिनिटभर छातीकडे पाहून तो मोजायला हवा; प्रत्यक्षात चार्टवर एकाखाली एक ‘१८’ किंवा ‘२०’ असे आकडे उतरवलेले आढळतात. त्याला आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण अख्खा वॉर्ड एकटीवर सोपवला की मिनिट मिनिट काढायचे कुठून?

शंका आल्यावरचा प्रश्न याहून बिकट आहे. सेप्टिक शॉक (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरण्याची अवस्था) असल्यास किंवा सेप्सिसची शक्यता दाट असल्यास शक्यतो तासाभरात प्रतिजैविक सुरू करावे, असे २०२१ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तो तास अनेकदा फोन लावण्यात आणि निरोपाची वाट पाहण्यात सरतो. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने लेखी कार्यपद्धती ठरवावी: धोक्याची ठरावीक पातळी ओलांडली गेली की परिचारिकेने स्वतःहून शिरेत सलाइनची सुई लावावी, कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) व लॅक्टेट (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडू लागला की रक्तात वाढणारा घटक) यांसाठी रक्त घ्यावे आणि थेट वरिष्ठ डॉक्टरांना बोलवावे, त्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच राहावा, कारण प्रत्येक तापाला सेप्सिस समजून जालीम प्रतिजैविके देण्यानेही नुकसानच होते. मात्र औषध लिहून दिल्याची आणि ते प्रत्यक्ष शिरेतून सुरू झाल्याची, अशा दोन्ही वेळा चार्टवर नोंदवणे सक्तीचे करावे, म्हणजे उशीर नेमका कुठे होतो हे व्यवस्थापनालाही दिसेल.

– एक परिसेविका