नाव माहीत नसलेल्या सगळ्यांना थँक्यू

पेपर तपासणी, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, असं सगळं एकदम अंगावर आलंय, पण या गडबडीत काही माणसांमुळे दिवस लै भारी जातोय, म्हणून हे जाहीर आभार.

केएमटीचे, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसचे ते कंडक्टर मामा, मी पळत येताना दिसले की बेल मारायचं थांबतात आणि वर "या बाई, पोरं वाट बघत्यात" म्हणतात. शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी, तळाची खरपुडी माझ्यासाठी वाटीत झाकून ठेवतात (मुख्याध्यापकांना सांगू नका).

आणि गंगावेशच्या दूध कट्ट्यावरचे काका! त्यादिवशी वह्यांचा गठ्ठा घेऊन तशीच गेलेले, समोर म्हैस पिळत होते, फेसानं काठोकाठ भरलेला ग्लास हातात दिला पण गठ्ठा कुठं ठेवू, खाली सगळं शेण आणि पाणी, तर काका स्वतः उठले, स्टूल गमज्यानं पुसलं आणि वह्या त्यावर ठेवून आपण उभ्यानंच पुढच्या गिऱ्हाइकाला दूध द्यायला लागले. गरम धारोष्ण दूध, ओठावर फेसाची मिशी, पाच मिनिटं एकाही वहीची आठवण नाही. पैसे द्यायला गेले तर सुट्टे नव्हते, "ऱ्हाऊ दे की, उद्या द्या."

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलेल्या गावात मास्तरकीला अजून मान आहे बघा, निदान दूध कट्ट्यावर तरी!

काका, पैसे आणलेत, पण तुम्ही दोन दिवस दिसला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की परत येते.