जुन्या अँबेसेडरचे टायर निवडताना

महोदय,

अँबेसेडरचा मूळ टायर ५.९०-१५ या मापाचा, म्हणजे रुंदी सुमारे १५० मिलिमीटर, बाजूची उंची जवळजवळ तेवढीच आणि रिम १५ इंचांची. त्यामुळे चाकाचा व्यास सुमारे ६६० मिलिमीटर भरतो. केवळ रिम जुळते म्हणून माझ्या गाडीला दुकानदाराने १७५/७० आर १५ (म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १५ इंचांची) हे टायर बसवले, ज्यांचा व्यास ६२६ मिलिमीटरच असल्याने गाडी खाली बसली आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षाहून अधिक वेग दाखवू लागला. १७५/८० आर १५ चा व्यास ६६१ मिलिमीटर येतो. मात्र तो मूळ टायरहून रुंद असल्याने पूर्ण वळणावर मडगार्डला घासत नाही ना, हे पाहावेच लागते. एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल (आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेले) आणि क्रॉसप्लाय (आतील धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे असलेले) टायर तर कधीही एकत्र लावू नयेत. विक्रेत्यांनी व्यासाचा हा हिशेब ग्राहकाला आधीच सांगावा, ही कळकळीची विनंती.

– एक अँबेसेडरमालक, सातारा