हम्मुराबीच्या आधी ऊर-नम्मू

रविवार पुरवणीतील प्राचीन कायद्यांवरील लेखात बॅबिलोनचा (आजच्या इराकमधील) राजा हम्मुराबी याची कायद्यांची संहिता जगातील पहिली ठरवली आहे. ते बरोबर नाही. तिच्या सुमारे 300 वर्षे आधी, इ.स.पू. 2100च्या सुमारास, सुमेरमध्ये (आजचा दक्षिण इराक) राजा ऊर-नम्मूची संहिता होती आणि तीत डोळा फोडल्यास अर्धा मीना (साधारण पाव किलो) चांदीचा दंड होता. ‘डोळ्याला डोळा’ हा हम्मुराबीचा नियम नंतरचा. म्हणजे जुना कायदाच सौम्य! शिवाय हम्मुराबीकडेही ‘डोळ्याला डोळा’ हा नियम प्रतिष्ठित नागरिकांपुरताच होता. सामान्य माणसाचा डोळा फोडणारा प्रतिष्ठित एक मीना चांदी देऊन सुटे, तर गुलामाच्या डोळ्यासाठी त्या गुलामाच्या किमतीच्या निम्मी रक्कम मालकाला मिळे. लेखातील ‘सर्वांना समान न्याय’ हे शब्द त्यामुळे खटकले.

– एक वाचक, सांगली