पुढचा ब्रेक मारायला शिकवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सक्करदरा भागात माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. बारावी झाली, कॉलेजात नाव लागलं की घरोघरी पोट्ट्यांसाठी गाडी येते. यातल्या बऱ्याच गाड्या उघडल्यावर मला एकच गोष्ट दिसते. मागच्या ब्रेकचे लायनर घासून संपलेले असतात आणि पुढच्या ब्रेकचे डिस्क पॅड जवळजवळ नवेच! मुलाला विचारलं, तर तो सांगतो, "बाबांनी सांगितलंय, पुढचा दाबू नको, पलटी खाशील."

संपादक महोदय, हा सल्ला मुलांच्या जिवावर उठतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

ब्रेक लागताच गाडीचा आणि बसणाऱ्याचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं पडतं. हलकं चाक लगेच जाम होऊन घसरतं. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं साधारण 70 टक्के काम पुढचा ब्रेकच करतो. उगाच का बहुतेक गाड्यांना डिस्क आधी पुढे बसवतात? ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात 16 मीटरहून जास्त पुढे जाते. वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबाआडून कोणी अचानक समोर आलं, तर ते दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंतच तेवढं अंतर गेलेलं असतं. उरलेल्या अंतरात नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबत नाही.

पलटी होते ती घाबरून लिव्हर एकदम आवळल्यामुळे. लिंबू पिळतो तशी ती दाबत न्यायची: आधी हलकी, भार पुढे आला की जोरात, सोबत मागचा ब्रेक. हे हाताला सवयीनंच येतं. बेसा-बेलतरोडीकडे नव्या ले-आउटमधले रस्ते सकाळी रिकामे असतात. तिथे गाडी सरळ ठेवून आधी 20 च्या वेगात, मग 30, मग 40 वर थांबवायला लावा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते, हे मुलगा तिथे स्वतःच बघेल.

वळणावर मात्र गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक आवळू नये. वेग वळणाआधीच कमी करायचा. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या वळणांवर टिप्परमधून सांडलेली रेती असते, कडेला सिमेंट संपून गट्टू (पेव्हर ब्लॉक) लागतात तिथे उंच-सखल असतं. पहिल्या पावसात तेल-धूळ वर येते, तेव्हा दोन्ही ब्रेक अगदी हलक्या हातानं.

एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (अँटी-लॉक ब्रेक) सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला की त्याची लिव्हर थरथरते. बिघाड समजून मुलं ती सोडून देतात. सोडू नका, चाक जाम होऊ नये म्हणून ते यंत्र काम करत असतं.

पाय न टेकता आठाचा आकडा काढला की गाडी आली, असं मुलांना वाटतं. शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे बसवून फिरणंही सर्रास चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार शिकाऊ चालकाला मागे बसवता येतो तो फक्त परवाना असलेला शिकवणारा. दोघं बसले की गाडीचा तोल आणि थांबण्याचं अंतर दोन्ही बदलतं, नवख्याला ते झेपत नाही. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं आणि पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा. आरशाला लटकवलेली हेल्मेटं मी रोज बघतो.

पालकांना विनंती, या रविवारी तासभर काढा आणि मुलाला, मुलीला पुढचा ब्रेक शिकवा. जाण्याआधी जवळच्या कोणत्याही मिस्त्रीला ब्रेक आणि चाकातली हवा दाखवून घ्या. बोटं लिव्हरपर्यंत नीट पोचतात का, तेही त्याला पाहू द्या. एवढं बघायला माझ्या गॅरेजात तरी पैसे पडत नाहीत.

आपला,
एक दुचाकी मिस्त्री,
सक्करदरा, नागपूर