दहा हजारांची अट आता तरी उठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृत्युपत्राच्या प्रोबेटची, म्हणजे ते खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याची, सक्ती गेल्याबद्दलचा लेख आपल्या अंकात वाचला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातले कलम 213 वगळले, हे उत्तमच झाले. पण या सक्तीचा काच मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई या तीन शहरांतल्या लोकांना होता. आमच्या चंदगड-गडहिंग्लज भागातल्या माणसाची अडचण त्याच कायद्यातल्या वेगळ्या कलमात, 273 मधल्या दहा हजारांच्या अटीत आहे आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

आमच्याकडच्या बऱ्याच घरांची स्थिती अशी, की भातशेती आणि काजूची बाग चंदगडात, मुलांच्या शिक्षणासाठी बांधलेले घर बेळगावात, गिरणीच्या दिवसांत घेतलेली खोली मुंबईत आणि एखादा भाऊ गोव्यात कायमचा स्थायिक. यात नवल काही नाही. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आमचा तालुका तेवढा इकडे राहिला. बाजारहाट, सोयरीक, दवाखाना मात्र आजही बेळगावलाच.

आता कलम 273 पाहा. उच्च न्यायालयाने दिलेले प्रोबेट सर्व राज्यांत चालते. जिल्हा न्यायाधीशाने दिलेले मात्र त्या राज्यापुरतेच. ते बाहेर चालायचे, तर मृताचे कायमचे राहणे त्या न्यायालयाच्या हद्दीत असायला हवे आणि राज्याबाहेरची मालमत्ता दहा हजार रुपयांहून जास्त नाही असा दाखला न्यायाधीशाने द्यायला हवा. दहा हजार! कायदा 1925 चा आहे. तेव्हा या रकमेत मळा आला असता. आज बेळगावात गुंठा सोडा, घराच्या फाटकाचेही काम होणार नाही. सक्ती उठली तरी वारसांत वाद असला किंवा एखादे कार्यालय अडून बसले, की लोक प्रोबेटसाठी कोर्टात जातातच. मग कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात निकाल लागूनही बेळगावच्या घरासाठी पुन्हा तिकडे अर्ज, पुन्हा नोटिसा, पुन्हा वकील. मुंबईकर प्रोबेटसाठी थेट उच्च न्यायालयात जातो, आम्ही जिल्हा न्यायालयात.

दस्तलेखनात माझे आयुष्य गेले, म्हणून दोन गोष्टी कागदाच्या बाजूनेही सांगतो. वकिलाने 'प्रत्येक राज्यासाठी वेगळे मृत्युपत्र करा' म्हटले की लोक बेळगावचे बेळगावात करतात आणि वर्षभराने चंदगडचे इथे करतात. या दुसऱ्या मृत्युपत्राचा मसुदा छापील नमुन्यावरून उतरवलेला असतो. त्यात पहिल्याच परिच्छेदात ओळ असते : 'यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.' झाले! बेळगावच्या घराचे मृत्युपत्र त्या एका ओळीने गेले आणि ते घर कोणाला हे सांगणारा कागदच उरला नाही. त्यापेक्षा एकच मृत्युपत्र करावे. ते कोणत्याही राज्यातल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते, नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्याहून तरुण असलेले बरे.

'माझी सर्व स्थावर-जंगम' एवढ्यावर भागवू नये. इकडच्या जमिनीचा गट नंबर, तिकडच्या घराचा सिटी सर्व्हे नंबर आणि दोन्हीकडच्या उताऱ्यावर नाव जसे आहे तसे लिहावे. कन्नड उताऱ्यावर कित्येकदा आडनावच नसते, नुसते नाव आणि वडिलांचे नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचे तर दोन्ही नावांनी लिहावे, नाहीतर वारसनोंदीच्या वेळी तलाठी विचारतो, ही कोण? एकदा वारसनोंद झाली की काम संपले असे समजणारेही पुष्कळ आहेत. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आणि चंदगडच्या फेरफारावरून बेळगावच्या उताऱ्यावर आपोआप काही चढत नाही.

कुळकायद्यात मिळालेली जमीन असेल तर आणखी जपावे. बिगरशेतकऱ्याच्या नावे ती मृत्युपत्राने देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जून 2020 चा निकाल आहे. प्रकरण गुजरातचे, पण कायद्याचे मूळ 1948 चा मुंबई कुळकायदाच.

गोव्यातल्या भावाचे प्रकरण सगळ्यांत अवघड. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्याचा अधिवास असलेल्या, म्हणजे कायमचा तिथला असलेल्या माणसाच्या वारशाला पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होते, मालमत्ता भारतात कुठेही असो. खटला मुंबईतल्या मालमत्तेवरूनच होता. त्या कायद्यात मुलांसाठी अर्धा वाटा राखीव असतो, मृत्युपत्राने तो हलवता येत नाही. शिवाय लग्नाआधी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक धरतात. म्हणजे फोंड्याला कायमचा राहिलेला काका चंदगडची आपली सगळी जमीन पुतण्याच्या नावे लिहून ठेवतो, तेव्हा त्याला स्वतःची मुले असतील तर ते मृत्युपत्र अर्ध्यावरच लंगडते. इकडचे नातेवाईक हिंदू उत्तराधिकार कायदा धरून बसलेले असतात. सुट्टीसाठी नुसता फ्लॅट घेणाऱ्याला या निकालाची भीती नको, प्रश्न अधिवासाचा आहे. म्हणून आपण कायमचे कुठले, हे मृत्युपत्रात स्पष्ट लिहावे आणि त्याला जुळणारे कागद जपावेत.

केंद्राने 213 काढले त्याच धर्तीवर 273 मधली दहा हजारांची मर्यादा काढून जिल्हा न्यायालयाचे प्रोबेट देशभर ग्राह्य धरावे. फार तर मोठ्या मालमत्तेसाठी दुसऱ्या राज्यातल्या जिल्हा न्यायालयाला प्रत पाठवण्याची अट ठेवावी. सीमाभागातल्या आमच्या खासदारांनी सीमाप्रश्नावर बोलताना हा मुद्दाही संसदेत मांडावा. याला कर्नाटकचा विरोध असण्याचे कारण नाही. निपाणी-बेळगावच्या कितीतरी घरांच्या जमिनी आमच्या बाजूला आहेत.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
चंदगड, जि. कोल्हापूर