चिमीला ताईचाच परकर हवाय

कोल्हापूर
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय अश्वे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून कागद घेतला. शिवाय आज जे झालं ते इथे कुणाला सांगितलं तर ‘मग रेडिमेड आण की’ एवढंच ऐकायला मिळेल. घरातल्या एका माणसाने तर ते म्हणूनही झालंय, कोण ते तुला कळलंच असेल.

आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं झालं, थेंब चालू आहेत. माझा खांदा आता दुखत नाही. झालं.

तर गोष्ट अशी. चिमीने नवा परकर नको म्हणून सांगितलं. रडून नाही, हट्ट करून नाही. अंगावर चढवला, आरशात पाहिला, नीट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “हा छान आहे, पण मला ताईचाच दे.”

अश्वे, त्या परकरासाठी मी काय काय केलंय ते तुला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चिमी आता पाच वर्षांची. जन्मापासून तिच्या अंगाला बेतलेलं एकही परकर-पोलकं तिला मिळालेलं नाही. थोरल्या इराचं उतरलं की मुडपून चिमीला. दर वर्षी मला तू आठवायचीस. यंदा नागपंचमीलाच ठरवलं की दिवाळीला दोघींना एकाच ताग्यातलं, कोरं, आणि तेही खऱ्या खणाचं शिवायचं. महाद्वार रोड पालथा घातला. नवरात्राच्या तोंडावर तिथे खणांचे डोंगर असतात, पण ते ओटीचे खण, बहुतेक पॉलिस्टर. देवीच्या ओटीला चालतात, पोरीच्या अंगाला टोचतात. शेवटी आमच्या ऑफिसातल्या एक बाई बदामीला निघाल्या होत्या, त्यांना गळ घातली. गुळेदगुड्ड तिथून जवळच. त्यांनी तिथून मागावरचा आणला. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, मोरपंखी अंग आणि तांबडा काठ. हातात घेतला आणि तुमच्या वाड्यातल्या पुढच्या खोलीचा वास आला, मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा.

मग सगळं तुझ्या आईच्या, काकूंच्या पद्धतीने केलं. पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांचा नियम तेव्हा आपल्याला छळ वाटायचा, कारण कापड वाळेपर्यंत थांबावं लागायचं. त्याचं कारण आता बेतताना कळतं. खणाचा काठ परकराच्या घेराला खाली यायला हवा, म्हणून कापड आडवं धरायचं. म्हणजे खणाचा पन्हा, कापडाची रुंदी, ती परकराची उंची, आणि आडवा सुताचा धागा अंगावर उभा येतो. सूत आटलं की आटते ती उंचीच. न भिजवता शिवला तर पहिल्याच धुण्यात परकर घोट्याच्या वर. काकूंनी हे आपल्याला कधी समजावून सांगितलं नाही, फक्त बादली दाखवली.

चिमीला तो पन्हा पुरून उरला. आतून दोन टक घातले, म्हणजे वर्षाला एकेक सोडला की तीन दिवाळ्या निघतील. इराची उंची मात्र पन्ह्याच्या बाहेर गेली आहे! खणाचा पन्हा लहान, आणि ही दहा वर्षांची होता होता ताडमाड. कमरेला साध्या कापडाची पट्टी जोडायचं ठरवलं, पोलक्याखाली झाकून जाते. पोलक्यांना आतून मलमलीचं अस्तर, फुग्याच्या बाह्या, गळ्याला उरेबातली, तिरकी कापलेली तांबडी पट्टी, पाठीला हुक. बगलेत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवली आहे. १४ नंबरच्या सुईने रेशीम ओढलं जात होतं, तेव्हा ११ नंबरची लावली. ऑफिसातून आल्यावर जेवणं उरकून बसायचं, पायमशीनचा आवाज नको म्हणून दार लावून. चिमीचं आधी पुरं केलं, इराचं पोलकं बेतून कच्चं टाचलं, आणि आज दोघींना उभं केलं.

चिमीचं सांगितलं. आता इराचं ऐक. ती म्हणाली, “आई, मी परकर नाही घालणार. त्याला खिसे नसतात.”

तिचा दिवाळीतला सगळा जीव किल्ल्यात असतो हे तुला माहीत आहे. पन्हाळा जुलैत युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हापासून तिने दुसऱ्या कुठल्या किल्ल्याचं नाव घेतलेलं नाही. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, सगळं करायचंय, त्यासाठी माती चाळून ठेवली आहे, अळीव पेरायचा वार ठरला आहे. परकर सावरत चिखल कालवता येत नाही, मावळे ठेवायला खिसा लागतो, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पहिल्या आंघोळीनंतर तासभर घाल, भाऊबीजेला घाल. तर म्हणाली, “घालेन, पण तुझ्यासाठी.” हे ‘तुझ्यासाठी’ तिने इतक्या मायेने म्हटलं की मला पुढे बोलवेना. कुरकुरली असती तर मी दटावलं असतं. समजूतदार पोरीला काय करायचं गं?

आता तू म्हणशील, एवढंच ना. थांब.

चिमीने मागितलेला ताईचा परकर म्हणजे तो अंजिरी, काळ्या काठाचा, इरा सहा वर्षांची असताना शिवलेला. त्याची घडी मी इराच्या वाढीबरोबर दर वर्षी सोडत गेले, आणि चिमीसाठी परत वर घेतली. सोडलेल्या घडीच्या जागी कापड गडद राहिलंय, उन्हात न विटलेलं, त्याच्या रेघा एकाखाली एक दिसतात. तुझ्या परकराला असायच्या तशाच. तू त्या लपवायला लेस लावून घ्यायचीस. आणि ही कार्टी मला त्या रेघा बोटाने दाखवत होती. “ही ताई पहिलीत होती तेव्हाची, ही दुसरीतली. माझी घडी पुढच्या वर्षी या रेघेवर येणार ना?” तिने ते कधी मोजून ठेवलं, कुणास ठाऊक. ताई जिथे होती तिथे आपण कधी पोचतो, हे तिला त्या परकरावर दिसतं. माझ्या नव्या परकरावर काहीच लिहिलेलं नाही!

अश्वे, मी इतकी वर्षं तुझ्या एका वाक्यावर चालले आहे. रंकाळ्यावर, भेळ खाऊन झाल्यावर, तू म्हणाली होतीस, “माझ्या अंगावरचं काहीच माझं नसतं.” आपण सातवीत होतो. मी एकटी पोर, मला सगळं नवं मिळायचं, मला तोवर हे सुचलंच नव्हतं. तेव्हापासून धाकट्या बहिणींच्या अंगावर मोठीचं दिसलं की माझ्या पोटात तुटतं. चिमी झाली तेव्हा पहिला विचार हा आला की हिला अश्वीसारखं वाटता कामा नये. तरी चार दिवाळ्या मुडपण्यातच गेल्या, कारण अंजिरी खण काही फाटत नव्हता, आणि धडका खण टाकून द्यायला काकूंनी आपल्याला शिकवलेलं नाही.

म्हणून तुला एक विचारायचंय आणि खरं उत्तर हवंय. ताईचा परकर घालताना तुला नेमकं काय वाटायचं? रोज वाईट वाटायचं, की त्या दिवशी ताईशी भांडून आली होतीस म्हणून तसं म्हणालीस? लहान होतीस, चिमीएवढी, तेव्हा तूही त्या रेघा मोजल्या होत्यास का? आणि मोजल्या असशील तर त्या लपवाव्याशा कधी वाटायला लागल्या, कितव्या वर्षी? मला याचं उत्तर चिमीसाठी हवंय. आज तिला ताईचं हवं आहे ते मी आनंदाने देईन. पण एखाद्या दिवाळीला ती माझ्याकडे बघून ‘माझं काहीच नाही’ म्हणाली तर? तो दिवस मला आधी ओळखता यायला हवा. तुझ्या आईला तो ओळखता आला का, हेही सांग. काकूंसारखं माणसाच्या अंगाचं माप नजरेने घेणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही, त्यांच्या नजरेतून हे सुटलं असेल असं मला वाटत नाही. वाड्यातल्या सगळ्या पोरींना त्या एका ताग्यातलं शिवायच्या, तेव्हा तुझ्यासाठीच कापड कमी का पडायचं? की इतरांची शिलाई यायची आणि तुझी यायची नाही, असं होतं? हे मला इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नाही.

(आणि एक. तू जे माझं गुलाबी पोलकं पहिल्या आंघोळीला घालून बसलीस आणि उटण्याच्या हातांनी पिवळं केलंस, ते पोलकं माझंच होतं. तुझ्या मापाचं होतं म्हणून तुझं, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही ते बरोबरच केलं. पण आज रात्री हुक लावताना मनात आलं, ते खरोखर तुझ्याच मापाचं होतं गं. मला ते खांद्यात सैल होत होतं. काकूंनी मुद्दाम तसं बेतलं असेल का? मला सैल होतंय म्हणून मी ते तुला देईन, असं त्यांना वाटलं असेल?)

इराचं मात्र मी ठरवलं. टाके उसवून त्याच पोलक्याची बिनबाह्यांची बंडी करते, तिच्या पँटवर घालायला, दोन मोठे खिसे, खिशांच्या तोंडाला तांबडा काठ. तिला कागदावर काढून दाखवली तर उडीच मारली. आतला एक खिसा मावळ्यांसाठी वेगळा हवा म्हणाली, तोही देणार. तिच्या परकराच्या घेराचा पट्टा अजून अखंड आहे, त्याला कात्री लागलेली नाही. तरी मन खंतावतंच. दोघी एकाच कापडात शेजारी उभ्या, हे मला अजून दोन-तीन वर्षं तरी बघायचं होतं. आपण बारा जणी भाऊबीजेच्या संध्याकाळी अंबाबाईला निघायचो तेव्हा रस्त्यावरचे लोक आपल्याला कुठलं तरी बँडपथक समजायचे, तुझी ताई चालायचीही तशीच, सगळ्यांच्या पुढे हात हलवत. मला तो थाट फार आवडायचा. इराला आवडावा असा आग्रह धरता येत नाही, हे कळतं. पण वसुबारस १७ तारखेला आहे, तोवर जरा वाईट वाटून घेते. मग फराळाला लागायचंच आहे.

चिमीचा नवा परकर घडी करून कपाटात ठेवला. टक सोडलेले नाहीत. मागेल तेव्हा देईन, आणि मागितलाच नाही तर त्याचं काय करायचं ते तू सांग.

तुझं काय चाललंय? बदलीची ऑर्डर निघाली की अजून नुसतीच चर्चा? भाऊजींचा मुतखडा पडला का? पाणी प्यायला सांग त्यांना. नाशिकच्या नव्या घराला पडदे झाले का? सानूचं नाचाचं कसं चाललंय? ताई दिवाळीला येणार असेल तर मला आधी कळव, मी तिच्यासाठी कडबोळी करून पाठवेन, तुझ्या हाती पडली तर तिला मिळणार नाहीत.

पत्राचं उत्तर पत्रानेच दे, किंवा निदान लांबलचक मेसेज कर. फोन केलास तर मी फक्त मुतखड्याबद्दल बोलेन.

तुझी,
वैशू

ता.क. इराच्या परकराचा तो अखंड पट्टा सानूला होईल असं नवरा म्हणाला. मी नाही म्हटलं. इराने नाकारलेलं तुझ्या लेकीला मी पाठवणार नाही, ते तूही घेणार नाहीस. ताग्यातलं वेगळं कापड शिल्लक आहे, त्यातून सानूचं नव्याने बेतेन. माप पाठव, इंचात: छाती, कंबर, खांदा, दंडाचा घेर, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत उंची. शाळेच्या युनिफॉर्मवरून घेऊ नकोस, अंगावरून घे. पण त्याआधी तिला विचार, परकर हवाय की खिसे.